खाजकुइलीला संस्कृतात माकडाचं नाव का? दोघांत साम्य काय?

संस्कृतात खाजकुइलीला कपिकच्छू म्हणतात, मर्कटीही म्हणतात. कपी म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खाज. शेंगेवरची तपकिरी लव माकडाच्या अंगावरच्या केसांसारखी दिसते, आणि ती लागल्यावर माणूस माकडासारखाच अंग खाजवत सुटतो. मला दुसरं कारण जास्त पटतं. काजूच्या बागेत बेणताना एकदा वाळकी शेंग मानेवर झडली, तेव्हा घरच्यांनी माझं माकड झालेलं पाहिलंय!

आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड (टोपी माकड) आणि ही वेल, दोघांचं जमतं ते चढण्यात. माकड हातापायांनी चढतं, शेपूट नुसती तोलापुरती. वेलीला हात नाहीत, तणावेही नाहीत; अख्खं खोडच आधाराला पिळे घालत वर जातं. दोघांनाही दाट रानापेक्षा बागेची कड आवडते, हे आपलं नशीब.

फरक उपद्रवाच्या तऱ्हेत. माकड नारळ, आंबे पळवतं, गालांच्या पिशव्या भरून घेतं. खाजकुइली जागची हलत नाही. पावसाळ्यानंतर जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, देखणे असतात. मग शेंगा वाळल्या की लव वाऱ्यानेही उडते. त्या लवेतलं म्युक्युनेन नावाचं प्रथिन खाज आणतं. लागलीच तर चोळू नका, आधी चिकटपट्टीने लव उपटून काढा, मग धुवा.

बियांत मात्र लेव्होडोपा असतं, कंपवातावरच्या गोळ्यांत असतं तेच. म्हणून घरच्या घरी बिया खायला जाऊ नका.