वाचकांचे प्रश्न : आधी शब्द, मग चित्र

प्रश्न : १९५०च्या दशकातील अमेरिकन भयकथांच्या कॉमिक्समध्ये प्रत्येक चौकटीत मजकुराची एवढी गर्दी का दिसते, आणि ती अक्षरे यंत्राने काढल्यासारखी का वाटतात?

उत्तर : आपण बहुधा ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी ‘ईसी’ प्रकाशनाची कॉमिक्स पाहिली असावीत. तेथे संपादक अल फेल्डस्टाइन कथा थेट चित्राच्या कोऱ्या पुठ्ठ्यावरच लिहीत. ‘लेरॉय’ नावाच्या, अभियांत्रिकी नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या साच्याने त्या मजकुराची अक्षरे काढली जात, आणि त्यानंतरच तो पुठ्ठा चित्रकाराच्या हाती पडे. म्हणजे उरलेल्या जागेत भूत बसवायचे! ही अडचण ग्रॅहम इंगल्स यांनी सर्वांत चांगली पेलली, असे माझे मत आहे : ‘घॅस्टली’ अशी सही करणाऱ्या या चित्रकाराची लाळेचे तंतू लोंबणारी तोंडे आणि ओघळणाऱ्या शाईसारख्या रेषा त्या कोरड्या अक्षरांखाली अधिकच ओंगळ भासतात. ‘ईसी’चेच दुसरे चित्रकार जॉनी क्रेग मात्र स्वतःच्या कथा बहुतेकदा स्वतःच लिहीत, त्यामुळे त्यांच्या चौकटींना श्वास घ्यायला जागा मिळे. १९५४ साली अमेरिकी सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे गाजलेले, स्त्रीचे तोडलेले मस्तक दाखवणारे मुखपृष्ठ त्यांचेच.