फिक्सी स्वस्तात जमवायची? पैसा मागच्या चाकात घाला, बाकीचं जुनं चालतं

मागच्या अंकात फिक्स्ड गियर सायकलबद्दल, म्हणजे फिक्सीबद्दल, जाता जाता दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, पाय थांबवायचे तर चाकच थांबवायला लागतं एवढंच. त्यावर प्रश्न इतके आले की हा अंक त्यालाच देऊन टाकलाय. बहुतेकांना जुन्या स्टीलच्या फ्रेमवर कमी खर्चात फिक्सी जमवायचीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: घरात एक जुनी स्टीलची गियरवाली रोड सायकल पडून आहे. बाकी पार्ट्स गेलेत पण फ्रेम ठीक दिसते. हिची फिक्सी होईल का? फ्रेममध्ये नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच बघा, म्हणजे ड्रॉपआउट. रंग, स्टिकर, कंपनीचं नाव सगळं नंतर. खाच आडवी किंवा तिरपी लांब असेल तर चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते, काम झालं. खाच उभी असेल, म्हणजे चाक सरळ खाली पडतं अशी, तर ती फ्रेम या कामाला विसरा. चेन टेन्शनर लावू असं कोणीतरी हमखास सुचवतं, पण फिक्स्डवर तो चालत नाही, कारण तुम्ही पाय मागे दाबता तेव्हा चेनचा खालचा भाग ताणला जातो आणि सगळा जोर त्या बिचाऱ्या स्प्रिंगवाल्या आर्मवर येतो, तो वाकतो किंवा तुटतो आणि तुकडा आऱ्यांत गेला तर संपलंच. एक्सेंट्रिक हब (एक्सल मध्यावर नसलेला हब) नावाचा उपाय आहे, चांगलाही आहे, पण त्याच्या किमतीत बजेटची वाट लागते.

मग आतलं अंतर मोजा, दोन्ही ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूंमधलं. ट्रॅक हब, म्हणजे फिक्स्ड गियरसाठीचा खास हब, १२० मिमीचा असतो. जुन्या ५ स्पीड फ्रेम बऱ्याचदा १२० च निघतात, ६-७ स्पीडवाल्या १२६, त्यानंतरच्या रोड फ्रेम १३०. १२६ निघालं तर घाबरायचं काम नाही, थोडा लांब एक्सल आणि दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर टाकले की बसतं. स्टील असल्यामुळे फ्रेम दाबून १२० करताही येते, पण स्पेसरने होतंय तर उगाच कशाला वाकवायची. आणि हे वाकवणं वगैरे फक्त स्टीललाच, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हातही लावू नका, ती तडकते. फ्रेम कशाची आहे शंका असेल तर लोहचुंबक लावून बघा.

आता फ्रेम सरळ आहे का. हँडल जिथे बसतं त्या हेड ट्यूबच्या लगेच मागे, खालच्या नळीच्या पोटाला बोट फिरवा. तिथे लाट किंवा फुगवटा लागला, रंगाला बारीक भेगा दिसल्या, तर ही सायकल समोरून कुठेतरी आदळलीय, सोडून द्या. मग दोरा घ्या, एका ड्रॉपआउटला बांधून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा आणि ताणून दोन्ही बाजूंना सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिमीचा फरक चालतो, जास्त असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलाय. गंज वरून दिसतो तो फारसा त्रास देत नाही, आतला बघायचा. सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारा, बॉटम ब्रॅकेटच्या नळीत (पॅडलचा एक्सल जिथे फिरतो ती) स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. सीटपोस्ट निघतच नसेल आणि फ्रेम अजून विकत घेतलेली नसेल तर घेऊच नका. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की असा धरतो की काढायची मजुरी फ्रेमपेक्षा जास्त होते.

बॉटम ब्रॅकेटच्या नळीची रुंदी पण मोजून ठेवा. ६८ मिमी असेल तर बहुतेक इंग्लिश आटे, म्हणजे उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसताना पाना लावून जीव खाऊन उलटा ओढणारे आणि कप कायमचा बसवून टाकणारे खूप. ७० मिमी असेल तर इटालियन, तिथे दोन्ही बाजू सरळ आटे. आतले छर्रे मात्र बदलाच, १/४ इंची, एका बाजूला ११, ग्रीस भरून. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पडणारं काम आहे ते.

प्रश्न: मित्र म्हणतो की नवीन हब कशाला, जुन्या फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड कॉग (मागचं दातेरी चक्र) घट्ट फिरवायचा, थ्रेडलॉक (आटे चिकटवायचं द्रव) लावायचं, वरून बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग (आवळून धरणारं कडं) आवळायची, झालं. तो असंच चालवतोय म्हणे. करू का?

नाही.

का ते सांगतो कारण मित्राचं अर्धं बरोबर आहे. फ्रीव्हीलचे आणि फिक्स्ड कॉगचे आटे एकच, १.३७ इंच, इंचाला २४. म्हणून कॉग बसतो, आणि पुढे पॅडल मारलं की अजून घट्ट होतो, त्यामुळे चालवून बघितलं की सगळं मस्तच वाटतं. पण फिक्सीवर वेग कमी करायला तुम्ही पाय मागे दाबता, तेव्हा तोच कॉग बरणीच्या झाकणासारखा सुटायच्या दिशेने जातो. खऱ्या ट्रॅक हबवर म्हणून कॉगच्या पुढे अजून एक पायरी असते, जरा कमी व्यासाची आणि उलट्या आट्यांची. त्यावर जी लॉकरिंग बसते ती उलटी असल्यामुळे कॉग सुटायला लागला की लॉकरिंग आवळली जाते आणि कॉगला जागचं हलू देत नाही. बॉटम ब्रॅकेटच्या लॉकरिंगचे आटे सरळ, कॉगच्याच दिशेचे. त्यामुळे कॉग सुटला की तीही त्याच्याबरोबर सुटते. जोडी करून सुटतात. आणि हे सुटणार कधी, तर तुम्ही सगळ्यात जोरात मागे दाबाल तेव्हा, म्हणजे नेमकं थांबायची गरज असेल तेव्हाच. या जुगाडाला जगभर सुसाइड हब म्हणतात, नाव उगाच पडलेलं नाही.

या सगळ्या प्रोजेक्टमध्ये नवीन आणि चांगलं घ्यायची वस्तू एकच असेल तर ती मागचं चाक. सुटा हब, सुटी रिम, आरे आणि वर विणायची मजुरी असं करण्यापेक्षा तयार फ्लिप-फ्लॉप चाक साधारण स्वस्त पडतं. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील लावता येतं, कंटाळा आला किंवा गुडघा कुरकुरला की चाक उलटं करायचं. तयार चाकांचे आरे बऱ्याचदा सैल असतात, म्हणून बसवायच्या आधी आरे सारखे ताणून आउट काढून घ्या. कॉग बसवताना आट्यांना ग्रीस, थ्रेडलॉक नको, चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेला कॉगचा पाना) जोर लावून आवळा, मग लॉकरिंग तिच्या हुक पान्यानेच, छिन्नी-हातोडीने नाही. एक चढ उभ्याने पॅडल मारून चढा, कॉग अजून थोडा सरकून घट्ट बसतो, घरी येऊन लॉकरिंग परत आवळा. हे परत आवळणं निम्मे लोक विसरतात.

प्रश्न: काका, मी कॉलेजला आहे, मला ४८/१६ (पुढे ४८ दात, मागे १६) लावायचंय, दिसायला पण भारी आणि स्पीड पण. स्किड, म्हणजे पाय अडवून मागचं चाक घसरवत थांबणं, पण शिकायचंय. चालेल ना?

अरे, दिसायला काहीही लाव, पण आधी भागाकार कर. ४८ भागिले १६ म्हणजे बरोब्बर ३. पॅडलचा एक फेरा, चाकाचे पूर्ण तीन. स्किड मारताना आपला पाय दर वेळी साधारण एकाच ठिकाणी अडवतो, मग टायरचा पण दर वेळी तोच एक तुकडा रस्त्यावर घासणार. बाकी टायर नवाकोरा आणि एका जागी कॅनव्हास बाहेर. हिशोब सोपा आहे, पुढचे दात भागिले मागचे दात, अपूर्णांक जितका छोटा होतो तितका कर, खाली उरलेला आकडा म्हणजे टायरवर घासायच्या जागा. ४८/१६ ला १, ४४/१६ ला ४, ४६/१६ ला ८, ४८/१७ ला थेट १७. एका दाताने किती फरक पडतो बघ. डावा-उजवा कोणताही पाय पुढे ठेवून स्किड जमत असेल आणि छोट्या केलेल्या अपूर्णांकात वरचा आकडा विषम असेल तर जागा दुप्पट होतात.

स्पीडचं म्हणशील तर ३ चा रेशो सपाट रस्त्यावर मजेचा आहे, पण चढावर आणि सिग्नलवरून सुटताना रडवतो, आणि थांबवताना तर जास्तच कारण जितका गियर जड तितका मागे दाबताना पायाचा जोर कमी पडतो. बेल्जियमचा नामांकित सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किमी मारले ते ५२/१४ वर, स्टीलच्या फिक्स्ड सायकलवरच. पण तो मर्क्स होता आणि समोर ट्रक नव्हता.

फुकटातला मार्ग सांगू? जुन्या रोड क्रँकवर बहुतेक ५२ आणि ४२ दातांच्या अशा दोन चेनरिंग (पुढची दातेरी चक्रं) असतात. मोठी काढून टाक, ४२ ठेव, मागे १६ लाव. रेशो २.६२५, घासायच्या जागा ८, आणि मिनिटाला ९० फेरे मारलेस तर ताशी साधारण ३० किमी. पहिल्या फिक्सीला याच्याहून जास्त काही लागत नाही. मोठी रिंग काढलीस की तिचे बोल्ट लांब पडतात, सिंगल रिंगचे आखूड बोल्ट घे.

प्रश्न: सगळं जोडलं पण चेन खरखर आवाज करते आणि एका ठिकाणी घट्ट, एका ठिकाणी सैल होते. चेन खराब आहे का?

आवाजाचं कारण बहुतेक चेनलाइन. मागचा कॉग आणि पुढची रिंग एका रेषेत नाहीत. ट्रॅक हबवर कॉग सायकलच्या मध्यरेषेपासून साधारण ४२ मिमीवर असतो. पुढे सीट ट्यूबच्या मधोमधपासून रिंगच्या दातांपर्यंत मोजा. मिमीभर फरक चालतो. जास्त असेल तर रिंग क्रँकच्या आतल्या बाजूला लावून बघा, नाही जमलं तर वेगळ्या लांबीचा बॉटम ब्रॅकेट एक्सल. मागे हबखाली स्पेसरची अदलाबदल करून चाक एका बाजूला ढकलायचा मोह टाळा, मग रिम मध्यात राहत नाही आणि परत सगळं आरे ताणून आणावं लागतं.

घट्ट-सैल होणं वेगळं, त्याला कारण रिंग पूर्ण गोल किंवा मध्यावर नसणं, जुन्यात थोडं असतंच. रिंगचे बोल्ट जरा सैल करून, क्रँक फिरवत, जिथे घट्ट होते तिथे रिंगला हलका ठोका देऊन परत आवळा. मग सगळ्यात घट्ट जागी चेन मध्यावर वरखाली सेंटिमीटरभर हलेल एवढी ढील ठेवा. अगदी तारेसारखी ताणली तर बेअरिंग खाते, फार सैल ठेवली तर उतरते, आणि फिक्सीवर चेन उतरली की चाक जॅम होऊ शकतं. चेन रुंद म्हणजे १/८ इंची घेतली तर ती ३/३२ इंची दातांवर चालते, उलटं चालत नाही. जुनी ताणलेली चेन नव्या कॉगवर नका लावू एवढंच.

प्रश्न: ब्रेक लावला की सायकलचा लुक जातो. खरे फिक्सीवाले ब्रेक लावत नाहीत ना?

ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकली खऱ्या कुठे चालतात तर ट्रॅकवर. जपानमध्ये केइरिनच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सायकल शर्यती १९४८ पासून होतायत, स्टीलच्या फ्रेम, ब्रेक नाही. पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात, मध्येच कोणी दार उघडत नाही की कुत्रं आडवं येत नाही. रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच. वेग कमी करताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं, म्हणजे स्किड कितीही जोरदार दिसली तरी ती ज्या चाकावर पकड कमी उरलीय त्याच्यावरच असते. ब्रिटनमध्ये फिक्स्ड चाक मागच्या ब्रेकच्या जागी धरतात, पण पुढचा ब्रेक कायद्याने लागतोच.

जुन्या फ्रेमवाल्यांसाठी एक गोष्ट. फ्रेम २७ इंची चाकांची असेल आणि तुम्ही ७००सी (जराशी लहान मापाची) चाकं टाकलीत तर रिमचा ब्रेकचा पट्टा ४ मिमी खाली जातो. ब्रेक शू तिथवर पोचतात का बघा, नाही पोचले तर लांब हाताचा ब्रेक कॅलिपर घ्या. घासायचं रिमला, टायरला नाही. हे चाक विकत घ्यायच्या आधी तपासा.

प्रश्न: सायकल तयार आहे. चालवायच्या आधी काही?

क्रँक १७० मिमीची असेल आणि वळताना आतलं पॅडल जमिनीला लागत असेल तर १६५ ची बघा, कारण रोड फ्रेमची बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असते आणि वळणावर पॅडल मारणं तुम्हाला थांबवता येत नाही. पायाला पट्टा किंवा टो क्लिप लावा, पाय सुटला तर उतारावर फिरत्या पॅडलवर तो परत ठेवणं अवघड जातं. मागे क्विक रिलीजपेक्षा नट बरे, आडव्या खाचेत चाक ओढलं जात नाही. त्याला १५ मिमीचा पाना लागतो, तो बरोबर ठेवा. बुटाची नाडी आत खोचा, पँटचा उजवा पाय दुमडा.

आणि चेन पुसताना सायकल उलटी करून, पॅडल फिरवून, फिरत्या चेनला फडकं लावायची आपल्याला जी सवय आहे ती इथे बंद. फ्रीव्हीलवाल्या सायकलवर फडकं अडकलं तर चेन थांबते आणि चाक नुसतं फिरत राहतं. इथे चाकाचा सगळा जोर चेनमध्ये येतो आणि फडक्याबरोबर बोट कॉगमध्ये जातं, लोकांची बोटं तुटलीयत अशी. चाक हाताने धरायचं, थांबलेली चेन पुसायची, थोडी पुढे सरकवायची, परत पुसायची.