टेस्लाने मुंबईत शोरूम उघडलं, आता शेअर घ्यावा का?

शोरूम उघडलं म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. एवढंच लिहून थांबणार होतो, पण प्रश्नाखाली तुम्ही 'घरचे म्हणतात हा जुगार आहे' असंही लिहिलंय, म्हणून बसलो.

आधी शोरूमचं उरकतो. 15 जुलै 2025 ला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) जे उघडलं तिथं मॉडेल वाय ही इलेक्ट्रिक गाडी तेव्हा साठ लाखांच्या घरात होती, कारण गाडी शांघायहून येते आणि वर आयात शुल्क बसतं. टेस्लाने 2024 मध्ये जगभरात 17.9 लाख गाड्या दिल्या. त्यात मुंबईच्या म्हणजे खळ्यावरचं मूठभर धान्य. त्याकडे बघून न्यूयॉर्कला कुणी शेअर घेत नाही.

आता माझं. संभाजीनगरजवळ वाळूजला माझं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर पार्ट कातून द्यायचं जॉबवर्क आहे, सगळे पार्ट इंजिनाचे. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, म्हणजे उद्या माझी मशीन काय कातणार? हा हिशोब मी 2021 मध्येच मांडला होता. धंदा मारणार तेच असतील तर त्यांचाच थोडा हिस्सा आपल्याकडे असावा, एवढा साधा विचार. लोभ नव्हता असं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीचं मूल्य एक लाख कोटी डॉलरवर गेलं होतं, मोबाईल उघडला की तेच. नोव्हेंबरात 1,100 डॉलरच्या सरासरीने चार शेअर घेतले. सव्वातीन लाख रुपये गेले.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्कने ट्विटर घ्यायला टेस्लाचे शेअर विकले, चीनमध्ये विक्री थंडावली, अमेरिकेत व्याजदर चढले. मध्येच ऑगस्टमध्ये कंपनीने शेअर तोडले, एकाचे तीन झाले आणि भावही तिसऱ्या हिश्शावर आला, म्हणून माझे बारा. बायकोला वाटलं फायदा झाला.

22 डिसेंबर 2022 च्या रात्री शेअर नऊ टक्के पडून 125 वर आला. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडच्यांना सांगायला नको, त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. औसा तालुक्यातलं आमचं रान, कडब्याची कोपी उभी केलेली, पाच पांडव मांडलेले, वहिनीच्या हातची भज्जी आणि आंबील. आणि मी बांधावर रेंज शोधत फिरतोय. दादाने बघितलं.

"काय बघलालास रं सारखं?"

सांगितलं. सव्वातीन लाखाचे सव्वा राहिलेत म्हणलं. मग पंगत राहिली बाजूला. पाहुण्यांसमोर, चुलत्यांसमोर, "ह्यो इंजिनियर सायबाच्या मोटारीवर जुगार खेळलालाय" इथपासून सुरू झालं ते माझ्या वाळूजच्या कर्जापर्यंत गेलं. आई मध्ये पडली तेव्हा कुठं थांबलं. संध्याकाळी एसटीत बसलो तरी कान गरम होते. 27 तारखेला अजून अकरा टक्के पडला आणि त्या रात्री मी 110 ला बाराही विकून टाकले. हातात आले एक लाख नऊ हजारांच्या आसपास.

आणि तेव्हा गावातल्या घरात दादाचं चाळीस क्विंटल सोयाबीन पडलेलं होतं. का? तर 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या अडतीत सोयाबीनने क्विंटलला दहा हजार गाठले होते, ते 'परत लागणार' म्हणून. मग सरकारने त्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवीन माल यायच्या आत भाव मोडला. तरी माणूस दोन वर्षं त्याच दहा हजारांची वाट बघतोय. येळवशीला साडेपाच हजार होता, तेव्हा नाही विकलं. पुढच्या उन्हाळ्यात पाचच्या खाली दिलं. मला सांगा, एका बातमीने चढलेल्या भावाची वाट बघत माल धरून ठेवणं हा जुगार नाही आणि माझा जुगार? फरक इतकाच की त्याचा पोत्यात दिसतो.

आणि शेअरचं म्हणाल तर जानेवारी 2023 मध्ये 101 चा तळ करून तो परत फिरला. डिसेंबर 2024 मध्ये 480 ला लागला होता. माझे बारा असते तर पावणेपाच लाखांच्या वर. गंमत बघा, त्याच वर्षी टेस्लाची वार्षिक विक्री दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा घटली. गाड्या कमी विकल्या आणि शेअर शिखरावर, कारण लोक ट्रम्पच्या निवडणुकीवर आणि रोबोटॅक्सीवर, म्हणजे बिनड्रायव्हरच्या टॅक्सीवर पैसे लावत होते. पुढच्या एप्रिलमध्ये तोच शेअर 220 च्या आसपास. म्हणून बातमी वाचून हा शेअर कळत नाही असं माझं ठाम मत आहे. मस्क 2019 मध्ये म्हणाला होता की 2020 मध्ये दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. अमेरिकेत ऑस्टिनला त्या सुरू झाल्या जून 2025 मध्ये, त्याही मोजक्याच. टोयोटा वर्षाला एक कोटीच्या वर गाड्या विकते आणि शेअर बाजारात त्या कंपनीची किंमत टेस्लाच्या पासंगाला नाही. तुम्ही गाड्यांचा नाही, त्या माणसाच्या शब्दाचा शेअर घेताय. घ्यायचा तर हे कबूल करून घ्या.

बातम्या आमच्याकडेही आल्या. 2024 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरने संभाजीनगरजवळ बिडकीनला दोन हजार कोटींचा कारखाना जाहीर केला, लगोलग टोयोटाने संभाजीनगरसाठी वीस हजार कोटींचा करार केला. आठवड्यात प्लॉटवाले दारात. माझ्या मशीनवर त्यातला पार्ट अजून चढलेला नाही.

तर घ्यायचाच असेल तर किती पडला की विकायचं आणि कशासाठी धरायचं ते आजच कागदावर लिहा, आणि तो कागद घरच्यांना दाखवा. मी घरच्यांना न सांगता घेतला आणि घरच्यांच्या बोलण्यावर विकला. दोन्ही उलटं झालं.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. त्या सव्वातीन लाखांत एक लाख दादाचे होते. 2021 मध्ये त्याने थोडं सोयाबीन साडेनऊने विकलं होतं, त्यातले. मशीनच्या डाउन पेमेंटला म्हणून दिले होते. मी 2023 च्या दिवाळीत पूर्ण लाख परत केले. पण येळवशीला त्याला बोलायचा हक्क नव्हता असं मला म्हणता येणार नाही. पाहुण्यांसमोर मात्र नव्हता.

आणि हो, सध्या माझ्याकडे टेस्लाचा एकही शेअर नाही, तेव्हा यातलं काही कोल्ह्याच्या द्राक्षांसारखं वाटलं तर तसं समजा. पैसे एलआरएसमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून जातात, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुम्हाआम्हाला नडत नाही. नडतं ते रिटर्न. एक शेअर असला तरी रिटर्नमधलं शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही. चोवीस महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर स्लॅबप्रमाणे कर, नंतर साडेबारा टक्के. मी पहिल्या वर्षी एफए भरलंच नव्हतं, सीएने झापलं आणि रिटर्न सुधारून भरावं लागलं. तुमच्या सीएला घ्यायच्या आधीच विचारा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते फोन उचलत नाहीत.