रडलीस ना, मग रडलीस

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला. एवढा लांबलचक मेल आणि खरी गोष्ट कुठेतरी मध्येच दडवून ठेवलीस, की सेमिनारमध्ये सरांनी एडेका या जर्मन सुपरमार्केटची ती ख्रिसमसची ॲड लावली, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, शेजारच्या मुलाने ते पाहिलं आणि मग सर म्हणाले, आता बघू या आपल्याला कसं गंडवलं ते. त्यानंतर तासभर चिरफाड, आणि तू मान खाली घालून नोट्स काढत बसलीस. वर मला विचारतेस, ताई, हे माल विकायला बनवलंय हे माहीत असताना ते आवडणं चुकीचं आहे का, मी भोळी आहे का.

नाही, चुकीचं नाही. भोळी तर तू कधीच नव्हतीस.

भावना तुझी, दुकान त्यांचं. एवढंच मला सांगायचंय आणि या पत्रात मी ते चार वेळा सांगणार आहे, कारण मँचेस्टरच्या थंडीत बसून तू जे काही वाचतेयस त्यात हे कोणी सांगत नसणार. सगळे म्हणतात भावनापण त्यांनीच बनवली, तुझ्यात घातली, आणि तू नुसती गिऱ्हाईक. साफ खोटंय हे. मी आयुष्य अंधेरीतल्या एडिट रूममध्ये काढलंय, माणसाला रडवायला काय काय लागतं ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच सांगते की आत काही नसलेल्या माणसाला कोणीही रडवू शकत नाही.

तीच ॲड घे. 2015 च्या नोव्हेंबरात आली, पावणेदोन मिनिटांच्या आसपासची. म्हातारा एकटा आहे, फोनवर निरोप येतो की याही ख्रिसमसला जमणार नाही, तो एकटाच जेवायला बसतो. मग मुलांना बातमी जाते की बाबा गेले. सगळी काळ्या कपड्यांत घरी येतात, आत पाऊल टाकतात तर टेबल मांडलेलं, मेणबत्त्या लावलेल्या, आणि स्वयंपाकघरातून म्हातारा बाहेर येतो, विचारतो की नाहीतर तुम्हाला सगळ्यांना एकत्र आणणार कसं होतो मी. आता एडिटर म्हणून बघ. त्यात कुठे किंमत नाही, ऑफर नाही, दुकानाचं नाव अगदी शेवटी. टेबल दिसतं आणि म्हातारा दिसतो यांच्या मध्ये जो वेळ सोडलाय ना, सगळं तिथे आहे. कमी वेळ दिला असता तर तो नुसता गंमतीचा धक्का झाला असता. मुलांच्या चेहऱ्यांवर थांबल्यामुळे आपल्याला लाज वाटायला वेळ मिळतो, त्यांची लाज आणि आपलीही. हे कोणीतरी बसून मोजून केलंय. कारागिरी आहे ती, आणि कारागिरी ओळखता आली म्हणून तिचा परिणाम व्हायचा थांबत नाही, उलट मला तर आता जास्त होतो.

ही ॲड पुण्यात सदाशिव पेठेत माझ्या मावशीला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली होती. मावशीला जर्मनचं एक अक्षर येत नाही. तिचा मुलगा तेव्हा टोरांटोला, दोन दिवाळ्या आला नव्हता. मी तिच्याकडे गेले तर बाई चष्मा पुसत पुन्हा पहिल्यापासून लावतेय आणि मला सांगतेय की बघ, शहाणा आहे म्हातारा. मग तिने मुलाला फोन लावला, तिकडे पहाटेचे चार वाजले होते, तो घाबरून उठला, आणि ही म्हणते काही नाही रे, झोप. आता मला सांग, एडेकाचं भारतात एकही दुकान नाही, मावशीने त्यांच्याकडून काय घेतलं? एक बटाटासुद्धा नाही. त्यांच्या पैशावर बनलेली गोष्ट तिने स्वतःच्या कामाला लावली. भावना तिची, दुकान त्यांचं, आणि ते दुकान तर हजारो मैल लांब. तुझ्या सरांची ‘गंडवलं’ ही थिअरी मावशीला लावून दाखव म्हणावं.

हां, आता तू म्हणशील की मावशीकडे दुकान नव्हतं म्हणून बरं, इथे तर कोपऱ्यावर आहे. खरंय. आणि या जाहिराती माल विकतात हेही खरंय, ते नाकारणाऱ्यातली मी नाही. जॉन लुईस या ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांच्या साखळीच्या जाहिरातींना 2012 साली तिकडच्या आयपीए या जाहिरातवाल्यांच्या संस्थेचा इफेक्टिव्हनेसचा सर्वोच्च पुरस्कार, ग्रां प्री, मिळालाय, आणि तो पुरस्कार डोळ्यांत पाणी आलं म्हणून देत नाहीत, धंदा वाढला हे आकड्यांनी दाखवावं लागतं. पण त्याच जॉन लुईसने मार्च 2021 मध्ये आणखी आठ दुकानं बंद करायचं जाहीर केलं, शेफील्ड, यॉर्क, ॲबरडीन वगैरे. दर नोव्हेंबरला अख्खा देश त्यांची ॲड कधी येते म्हणून वाट बघायचा, रडायचा, आणि तरी खरेदी जिथे सोयीची तिथेच करायचा. लोक सांगितलेलं ऐकणारे बाहुले असते तर ती दुकानं बंद पडली नसती ना. लोक रडतात एकीकडे आणि खरेदी करतात दुसरीकडे, आणि यात मला काहीच लबाडी दिसत नाही. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की शेवटी आरतीचं ताट फिरणार आहे, म्हणून हरिश्चंद्राच्या आख्यानाला कोणी रडायचं थांबलंय का? ताटात काय टाकायचं ते ज्याचं तो ठरवतो.

मला ज्या गोष्टीचा राग येतो ती वेगळीच. पैशासाठी केलं म्हणजे आत मन नव्हतंच, असं जे गृहीत धरतात ना, त्याचा. तुला रॉबर्ट मे माहीत आहे का? नसेल, कारण तुमच्या रीडिंग लिस्टवर असली माणसं नसतात. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीत जाहिरातीचा मजकूर लिहायचा. कंपनी दर ख्रिसमसला मुलांना वाटायला पुस्तिका विकत घ्यायची, 1939 ला ठरलं की आपणच बनवू, स्वस्त पडेल. म्हणजे बघ, सुरुवात कुठून, खर्च वाचवण्यातून. काम आलं मे कडे. त्याची बायको तेव्हा कॅन्सरने मरणाला टेकलेली, घरात चार वर्षांची मुलगी, डोक्यावर औषधपाण्याचं कर्ज. त्याने रुडॉल्फ हे लाल नाकाचं रेनडिअर लिहिलं, ज्याला सगळे चिडवतात ते. साहेबाला नाक पटेना, लाल नाक म्हणजे दारुडा वाटेल म्हणे, तर हा ऑफिसातल्या चित्रकाराला लिंकन पार्कच्या झूमध्ये घेऊन गेला, हरणांची स्केचेस करून आणली आणि साहेबाला पटवलं. जुलैमध्ये बायको गेली. कंपनी म्हणाली काम दुसऱ्याला देतो, हा नको म्हणाला, आणि ऑगस्टमध्ये पूर्ण करून मुलीला आणि सासूसासऱ्यांना हॉलमध्ये बसवून वाचून दाखवलं. त्या वर्षी 24 लाख प्रती फुकट वाटल्या, लोक दुकानात यावेत म्हणून.

आता यातली भावना खोटी कोण म्हणेल? म्हणणाऱ्याला माझ्यासमोर आण. रुडॉल्फ जन्मला तो दुकानाच्या प्रमोशनसाठी आणि त्यात एका नवऱ्याचं, एका बापाचं सगळं उतरलंय, ही दोन्ही वाक्यं एकत्र खरी आहेत. तुला एवढंच शिकायचंय की दोन्ही एकदम धरता आली पाहिजेत. एक सोडलं की भोळेपणा येतो आणि दुसरं सोडलं की तुझ्या सेमिनारमधल्या मुलासारखा कोरडेपणा येतो, आणि खरं सांगू, मला भोळी माणसं परवडतात.

मग सगळंच गोड मानून घ्यायचं का, तर अजिबात नाही. सेन्सबरीज या ब्रिटिश सुपरमार्केटची 2014 ची ॲड बघ पुन्हा, 1914 च्या ख्रिसमसला खंदकातले इंग्रज आणि जर्मन सैनिक बाहेर येतात, फुटबॉल खेळतात, इंग्रज सैनिकाचं चॉकलेट जर्मन सैनिकाच्या खिशात जातं ती. रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांसाठीच्या संस्थेला बरोबर घेऊन केलेली, तसलंच चॉकलेट दुकानात एक पौंडाला ठेवलं आणि नफा लीजनला दिला. तरी तिकडच्या जाहिरात नियामकाकडे शेकडो तक्रारी गेल्या. नियमभंग ठरला नाही, पण माझ्या मते तक्रार करणाऱ्यांचं बरोबर होतं. फार सुंदर शूट केलीय, एक फ्रेम वाईट नाही, आणि त्यामुळेच त्रास होतो. ती मेलेली माणसं होती गं, खरी. त्यांच्या मरणाचा पॅकशॉट, म्हणजे माल दाखवायचा शॉट, करता येत नाही, पैसे कुठेही दिलेत तरी. (त्या डिसेंबरात त्याच आघाडीवर थंडीत कुडकुडणारे हिंदी सैनिकही होते, ते तर आठवण्यासारखेही वाटले नाहीत कुणाला.) इथे मी म्हणेन की त्यांनी दुकान सोडून तुझ्या बाजूला पाय टाकला. भावना तुझी, दुकान त्यांचं, हे दोन्ही बाजूंनी पाळायचं असतं.

जॉन लुईसच्या ॲडमधला 2015 चा चंद्रावरचा म्हातारा तुला आवडतो हे मला माहीत आहे. मलाही आवडतो, तरी मी तुझ्याशी भांडणार. मुलगी दुर्बिणीतून बघते, चंद्रावर एक म्हातारा एकटा बसलेला, मग फुगे बांधून त्याला दुर्बीण पाठवते आणि दोघं एकमेकांना बघतात. एज यूके या वृद्धांसाठीच्या संस्थेला जोडून केलेली, हेतू चांगला. पण गिफ्ट पोचलं, माणूस नाही पोचला. एकटेपणाला उत्तर म्हणून जी वस्तू दाखवली ती दुकानात मिळते, इथे शिवण उसवलेली दिसते मला. उलट त्यांचीच 2011 ची बघ, तो मुलगा दिवस मोजत असतो, आपल्याला वाटतं स्वतःच्या गिफ्टसाठी घाईला आलाय, आणि सकाळी तो आपल्या सगळ्या गिफ्टांना ओलांडून कपाटातून एक वेडंवाकडं गुंडाळलेलं खोकं काढतो आणि आईबाबांच्या खोलीत जातो. त्या खोक्यात काय आहे ते कोणी दाखवत नाही. तो वेडावाकडा कागद ज्याने ठरवला त्याला माझा नमस्कार. स्वच्छ गुंडाळलं असतं तर दुकानाचं झालं असतं, वाकडं आहे म्हणून मुलाचं राहिलं.

हे असं बघायचं. रडू दाबून बघितलंस तर हा फरक तुला कधीच दिसणार नाही, कारण फरक कुठे आहे ते आधी डोळ्यांना कळतं, मग टाइमलाइन बघून सापडतं.

माझंही सांगते, आता विषय निघालाच आहे तर. एका दिवाळीच्या ॲडमध्ये माझ्याकडे एक शॉट होता, पाहुणे गेल्यावर आजोबा फोल्डिंगच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावतायत, आणि शेवटची खुर्ची मिटता मिटता थांबतात. कोणी सांगितलं नव्हतं त्या नटाला, तो आपसूक थांबला. मी तो पूर्ण होल्ड केला. क्लायंटने बघितलं आणि म्हणाले छान आहे पण इथे मिठाईचा डबा घेऊ. मी भांडले, रात्री दोनपर्यंत भांडले, आणि हरले. ती ॲड चालली, बक्षीसही मिळालं कुठलंसं, मी ती आजही बघत नाही. हळहळ कसली वाटते तर तो शॉट गेल्याची, या धंद्यात असल्याची कधीच नाही. नाटकवाल्या मित्रमैत्रिणींनी मला वर्षानुवर्षं ऐकवलंय की तू साबण विकतेस. विकते. त्यांची नाटकं बघायला तिकीट लागतं, ते कोणी विचारात घेत नाही का? माझ्या वडिलांना शेवटी नीट ऐकू येत नव्हतं, टीव्हीवर माझं काम लागलं की ते आवाजाशिवाय बघायचे आणि बरोबर जिथे मी थांबले होते तिथे त्यांचा हात हलायचा. मला तेवढी पावती पुरली, आणि ती पावती कुठल्या क्लायंटने दिली नव्हती.

असो, माझं राहू दे.

तुझ्या असाइनमेंटचं. सरांना जे हवंय ते लिहून मोकळी होऊ नकोस. एडेकाची ॲड आवाज बंद करून बघ, मग नुसती ऐक, मग कुठल्या सेकंदाला तुझा घसा भरून येतो ते घड्याळ लावून लिहून काढ. ‘प्रेक्षक’ असं लिहू नकोस, ‘मी’ लिही. त्या सेकंदाला तुला कोण आठवलं तेही लिही, कारण ते त्या ॲडमध्ये नाहीच आहे, ते तू घेऊन गेली होतीस, आणि तुझा सगळा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. भावना तुझी, दुकान त्यांचं. मग पुढच्या भागात दुकानाचा हिशेब मांड, अजिबात हात आखडता न घेता, पैसे कोणी दिले, का दिले, नाव कुठे टाकलं, सगळं. मार्क कमी पडले तर पडू दे.

आणि लीड्सच्या त्या एजन्सीचं, जिथे ख्रिसमसच्या कॅम्पेनवर घेतायत म्हणालीस आणि जाऊ की नको चाललंय तुझं. जा की. फक्त आधी विचार की क्लायंट कोण आहे, एडिटला बसू देणार का, आणि इंटर्नला पैसे देतात की नुसता अनुभव. अनुभव म्हणाले तर मला फोन कर, तुझ्या वेळेने रात्री नको, सकाळी कर.

ताई