जिम बीमचा पहिला डिकँटर घेताय?

अमेरिकेतल्या केंटकीच्या जिम बीम या व्हिस्की कंपनीचे हे चिनी मातीचे डिकँटर, म्हणजे शोभेच्या बाटल्या, बरेचदा पक्षी-प्राण्यांच्या आकाराच्या, १९५०च्या दशकापासून निघाले, बहुतेक रीगल चायना या कंपनीने घडवलेले. म्हणून आधी तळावरचा शिक्का बघा. मग चोच, कान, शेपटी, बुचाची कड यांवरून नख फिरवा. रंग मारून लपवलेला टवका डोळ्याला दिसत नाही, नखाला अडकतो. बुचावरची कराची कागदी पट्टी (अमेरिकेत ती १९८५ मध्ये बंद झाली) फाटलेली असेल तर भाव पाडून मागा. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की दारू बूच खाते आणि झिरपते. आतली व्हिस्की मात्र पिऊ नका, झिलईतलं शिसं तिच्यात उतरलेलं असू शकतं. आणि 'लिमिटेड' शब्दाला भुलू नका! साधे नग ढिगाने बनलेत.