हायड्रेंजियाचा निळा रंग का उतरतो?

प्रश्न : गोव्यात वाळपईला अंगणात सिमेंटच्या कुंडीत निळा हायड्रेंजिया लावला होता. यंदा तोच गुलाबी फुलला. झाड बदलले का?

उत्तर : झाड तेच आहे, माती बदलली. या फुलाचे रंगद्रव्य मुळात तांबूसच असते. मुळांवाटे अ‍ॅल्युमिनियम मिळाले की ते निळे दिसते. आपल्या जांभ्याच्या मातीत अ‍ॅल्युमिनियम मुबलक आहे, पण ते विरघळते आम्ल मातीतच. मातीचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (जितका कमी तितकी माती आम्ल), 5 ते 5.5 असेल तर फूल निळे, 6 च्या आसपास जांभळट आणि 6.5 च्या पुढे गुलाबी. सिमेंटच्या कुंडीतून दर पाण्यासरशी थोडा चुना मातीत उतरतो. चुलीची राख घालत असाल तर तीही आम्लता मारते. हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट किंवा डीएपी यांतला स्फुरद (फॉस्फरस) अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतो. निळा हवा असेल तर ही तिन्ही खते बंद करा.

झाड मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीत हलवा. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा. फुटवे आल्यापासून कळ्या दिसेपर्यंत दर पंधरवड्याला 5 ग्रॅम तुरटी लिटरभर पाण्यात विरघळवून द्या. बारा इंची कुंडीला एवढे पुरे. आधी साधे पाणी घालून माती ओली करा. कोरड्या मातीत तुरटी ओतली की मुळे पोळतात आणि पानांच्या कडा करपतात. उमललेला गुच्छ मात्र आता निळा होणार नाही. पांढऱ्या जातींवर याचा काहीच परिणाम होत नाही.

मातीचा पीएच घरी बघता येतो. एक भाग माती, दोन भाग पावसाचे पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा. वरच्या निवळीत पीएचची पट्टी बुडवा.

प्रश्न : मुळाशी गंजलेले खिळे पुरले तर?

उत्तर : उपयोग नाही. निळेपणा अ‍ॅल्युमिनियमचा, लोखंडाचा नव्हे.

प्रश्न : मडगावला झाड हिरवेगार आहे, पण दोन वर्षांत एक कळी नाही.

उत्तर : हे दुखणे किनारपट्टीवर सर्रास दिसते. नेहमीच्या जातींना कळी धरायला दीड-दोन महिने 18 अंशांखालचा गारवा लागतो. आपल्याकडे जानेवारीतही रात्री 20 च्या आसपास असतात. नर्सरीतले फुललेले रोप बहुधा थंड प्रदेशात कळी धरून आलेले असते. त्यामुळे जुन्या आणि नव्या, दोन्ही फांद्यांवर फुलणारी जात मागून घ्या. तरी दरवर्षी बहराची खात्री धरू नका. दुसरी चूक छाटणीची. नेहमीच्या जातीत कळी जुन्या फांदीच्या टोकाला असते, म्हणून फुले सुकताच छाटा. पावसाळ्यानंतर कात्री लावलीत तर पुढचा बहरच कापला जातो.

प्रश्न : दुपारी पाने लोंबकळतात. पाणी वाढवू?

उत्तर : आधी बोट दोन इंच मातीत घाला. माती ओली असेल तर तो उन्हाचा ताण आहे. संध्याकाळी पाने आपसूक ताठ होतात. सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि पुढे सावली, अशी जागा द्या. संध्याकाळीही पाने पडलेलीच असतील आणि माती चिखल असेल, तर मुळे कुजताहेत. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांखालून हलवा, तळाला दोन विटांचा आधार द्या आणि खालची बशी काढून टाका.