मँचेस्टर युनायटेडचं कर्ज मालकांचं की क्लबचं?
क्लबचंच. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांना हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब घेतला, तोही बराचसा उसन्या पैशावर, आणि त्यातलं मोठं कर्ज क्लबच्याच माथी मारलं. रावेरकडे केळीचा मळा घ्यायचा अन् बोजा त्याच मळ्याच्या सातबाऱ्यावर चढवायचा, तसं. व्याज जातं तिकिटं, जर्सी आणि प्रक्षेपणाच्या कमाईतून. वर कित्येक वर्षं मालकांनी लाभांशही उचलला; राग येतो तो त्याचाच. इकडे भुसावळात पोरं रात्री दीडचा सामना जागून बघतात, तिकडे पावसात क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचं छप्पर गळतं! 2024 मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेतला, खेळाचा कारभारही त्यांच्याकडे गेला. पण मतांचं बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं.